मामांचा नेम

देवणीतून उदगीरच्या रस्त्याला लागलं की गाव संपायच्या आत 'फर्रर्र' असा आवाज येतो आणि अंगावर चार थेंब पडतात. आभाळ निरभ्र असेल तर समजावं, मामांनी गन हातात घेतलीय.

मामा कुणाचे सख्खे मामा आहेत हे मला ठाऊक नाही. गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण त्यांचा भाचा, एवढंच नातं. आणि असे मामा एकट्या देवणीत नाहीत. जिथं बोअरला पाणी आणि रस्त्याला चिखल, तिथं ते उगवतात. टिनाचं शेड, सिमेंटचा उतार, निळी टाकी आणि पाटी : 'येथे सर्व प्रकारच्या गाड्या धुवून मिळतील'. यातला 'सर्व' हा शब्द मामांनी फार मनावर घेतलाय. त्यांनी कूलर धुतलेत, मंडपाच्या खुर्च्या धुतल्यात, सतरंज्या धुतल्यात. एकदा भिंतीवरची निवडणुकीची जाहिरात धुवायला घेतली, तर जाहिरात राहिली आणि गिलावा निघाला.

मामांचा पोशाख म्हणजे बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि पायात स्लीपर. मशीनसोबत घेतलेले गमबूट मामी शेतात घालतात. डोळ्यांवर लावायचा चष्मा भाच्यानं शाळेच्या गॅदरिंगला नेला, तो परत आला नाही. "मामा, हे घालायला पायजे की हो," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं : "पाणीच तर हाय! पाण्याला काय भ्यायचं?"

आता हे पाणी काय आहे ते बघा. मोटारसायकलच्या चाकात हवा असते तीसेक पीएसआय. मामांचं मशीन १०० बारच्या पुढं जातं, म्हणजे साधारण १४५० पीएसआय. चाकातल्या दाबाच्या जवळजवळ पन्नासपट, आणि तो सुईएवढ्या भोकातून. पण मामांचा मीटरवर विश्वास नाही. ते अंगठा आडवा धरून प्रेशर बघायचे, जसं आपण दुधाचा गरमपणा बघतो. एकदा अंगठ्यावर लाल ठिपका उठला. दुखलं नाही, रक्त नाही. "डास चावला," म्हणून मामा कामाला लागले. संध्याकाळपर्यंत अंगठ्याचं भरताचं वांगं झालं. डॉक्टरनं विचारलं, "आत्ता आलाव का? सकाळी काय करलालाव?" ही धार कातडीतून आत शिरते आणि साबण, ग्रीस, घाण सगळं स्नायूपर्यंत घेऊन जाते. वरून जखम डासाएवढी दिसते, आत मात्र चिरा देऊन धुवावं लागतं; उशीर झाला तर बोट जातं. मामांचं बोट राहिलं. तेव्हापासून प्रेशर रंगाच्या रिकाम्या डब्यावर बघतात.

मशीनसोबत रंगीत नोझलचा संच आला होता. लाल म्हणजे शून्य अंश, सरळ सुईसारखी धार. पिवळं, हिरवं, पांढरं असं पुढं जावं तशी धार पंख्यासारखी पसरते. पांढरं ४० अंशांचं, गाडीच्या रंगाला सोसणारं. मामांकडे तेव्हा लाल तेवढं उरलं होतं. पांढरं हरवलं आणि हिरवं मामींच्या कुकरच्या शिट्टीत बसतंय का ते बघताना गेलं. लाल नोझल लावून, टायरपासून वीतभर अंतरावर उभे राहून मामा एक डोळा मिटायचे. अर्जुनाला पोपटाचा डोळा दिसायचा, मामांना बेअरिंगचं सील दिसायचं. नेमकं तिथंच मारायचे. आतलं ग्रीस बाहेर आलं की खूश होऊन म्हणायचे, "बगा, किती मळ होता!"

आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात मडगार्डात अशी बसते की चाक फिरायचं थांबतं; तिच्यापुढं बादली-फडकं हात टेकतं, हे मला मान्य आहे. पण चिखल भिजवावा, फुगू द्यावा, मग लांबून, तिरप्या धारेनं उतरवावा, एवढा दम मामांना नसतो. रेडिएटरच्या जाळीच्या बारीक पात्या त्यांनी शेवग्याच्या पाल्यासारख्या मुडपल्यात. उन्हातून तापून आलेल्या इंजिनावर ते लगेच गार पाणी सोडतात, म्हणतात, "तिलाबी उकडायलंय." माझी गाडी धुतली त्या दिवशी हॉर्नच्या वायरीत पाणी गेलं. मी वलांडीपर्यंत हॉर्न वाजवत गेलो. वाजवत म्हणजे, तोच वाजत होता. लोक बाजूला होत होते, एकानं नमस्कारही केला. आणि ब्रेक ओले असतात हे वलांडीच्या वळणावर कळलं.

मशीनची वायर तीन ठिकाणी जोडलेली, जोडावर कॅरीबॅग. अर्थिंगचं विचारलं तर मामा जमिनीकडे बोट दाखवतात, "खाली अर्थच हाय की." ओल्या स्लीपरमधून बारीक मुंग्या आल्या तर ते त्याला करंट म्हणत नाहीत, 'लाईन जरा तेज हाय' म्हणतात. गळती होताच क्षणात वीज तोडणारा स्विच बसवा, असं वायरमननं सांगितलं, तर मामा म्हणाले, "मग सारखी बंदच राहील की!" वायरमन काही न बोलता निघून गेला. त्याचंही बरोबर होतं.

मशीन बंद केलं तरी पाईपात दाब उरतो. बटण बंद करून गनचा खटका एकदा दाबून तो सोडायचा असतो. हे मामांना चहाच्या टपरीनं शिकवलं. मशीन बंद, मामा चहाला, भाच्यानं गन उचलून बंदुकीसारखी रोखली. सहा कप गेले. पैसे मामांनी दिले. ते कुणाला मामा बनवत नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

२०१६ च्या उन्हाळ्यात मात्र गन खिळ्याला टांगलेली होती. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती. मामा म्हणायचे, "रेल्वेचं पाणी गाडीवर मारलं तर वर काय तोंड दाखवू?" त्या चार महिन्यांत त्यांनी अर्ध्या बादलीत आणि ओल्या फडक्यानं गाड्या पुसल्या. त्या काळात पुसलेल्या एकाही गाडीचा हॉर्न वलांडीपर्यंत वाजला नाही.

पण मामा बदलले ते पोळ्याला. देवणी म्हणजे बैलांचं गाव. देवणी ही जातच मुळी गावाच्या नावानं ओळखली जाते. त्यात पांढरा धोप तो बालंक्या, पांढऱ्यावर काळे पट्टे-ठिपके तो शेवरा. पोळ्याच्या सकाळी एक तरणा भाचा पिकअपमधून शेवरा घेऊन आला. "मामा, नदीवर गर्दी हाय. हितंच मारा." मामांनी पाटीवरचा 'सर्व' शब्द एकदा बघितला आणि गन उचलली.

बाजेवर मामांचे वडील बसले होते. ते म्हणाले, "आदी ती नळी तुज्या बरगडीवर धर. मग बैलाच्या धर."

मामांनी हवेत नुसतं एक 'फर्रर्र' केलं. शेवऱ्यानं दावं तोडलं, टाकी आडवी केली आणि जाता जाता मागच्या पायानं मशीनला अशी लाथ घातली की चाक निखळून गटारात गेलं. बैल सापडला दुपारी. मग मामांनी त्याला बादलीनं पाणी घालून, गवताचा बोळा करून, हातानं घासलं, अंगावर थाप मारत, कानामागं खाजवत. काळे ठिपके अर्थातच गेले नाहीत.

रात्री मामा म्हणाले, "बैलाला लागलं की लाथ घालतो वो. गाडीला लागलं तर ती काय करल? बेअरिंग खाती, गप बसती."

आता ते गाडीपासून दीड हात लांब उभे राहतात. नवं पांढरं नोझल आलंय. गमबूट मामींकडेच आहेत. देवणीला आलात तर गाडी जरूर द्या. फक्त इंजिन गार होऊ द्या, आणि हॉर्नवर एक कॅरीबॅग बांधून द्या.