जुन्या गाडीला ट्रेलरचा हुक: नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

रत्नागिरीत पायरी म्हटलं की माणूस आधी आंबा समजतो. खालच्या पायऱ्याही त्याच जातीच्या आहेत. हापूसचा भाव त्यांना नाही, पण रस भरपूर आणि कपड्यांवर डाग हमखास.

साहित्य: १९९८ सालची मारुती ८००. पावसच्या रस्त्याला आंब्याची वीस-पंचवीस कलमं. टेम्पोवाल्याशी भाड्यावरून झालेलं भांडण. आणि रात्री अकरा वाजता पाहिलेला एक परदेशी व्हिडिओ, ज्यात एक गृहस्थ मोटारीमागे अख्खी होडी लावून शीळ घालत निघालेला असतो. व्हिडिओ पाहिला नसेल तर इथेच थांबा. तुम्ही अजून सुटू शकता.

पायरी पहिली: गाडीखाली शिरा

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. टेकूला जांभ्याचा चिराही लावू नये. चिरा भिंतीत पिढ्यान् पिढ्या टिकतो, पण एका टोकावर गाडीचा भार आला की न सांगता फुटतो. लोखंडी स्टँड आणा.

खाली गेलात की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत चला. ‘टण्’ आलं तर पत्रा. ‘थप्’ आलं तर आधीच्या मालकाने भरलेली पुट्टी. काहीच आवाज न येता स्क्रूड्रायव्हर आत गेला, तर ती रत्नागिरी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि बारा महिने खारा वारा खाल्ल्यावर गाडीकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची?

जीपला खाली वेगळी चासी असते, तिला काहीही टांगा. आठशेला ती नाही, बॉडी हीच तिची चासी. डिकीखाली दोन्ही अंगांना पत्र्याचे पोकळ, लांबट दांडे गेलेले असतात. हुकाने धरायचं ते त्यांना, बंपरला नव्हे. बंपर शोभेला आणि शेजाऱ्याच्या गेटला असतो.

पायरी दुसरी: वजनाचं गणित

इंजिन ७९६ सीसी, सिलिंडर तीन, गाडीचं वजन साधारण ६५० किलो. स्वतःचा ब्रेक नसलेला ट्रेलर गाडीच्या निम्म्या वजनापुढे जाऊ नये, असा युरोपातला ठोकताळा आहे. म्हणजे सव्वातीनशे किलो. त्यात ट्रेलरच दीडशे किलोचा. राहिले पावणेदोनशे. पाच डझनी पेटीत साठ फळं, अडीचशे ग्रॅमचं एक धरलं तर पंधरा किलो. लाकूड आणि पेंढा मिळून साडेसतरा. भागाकार करा: दहा पेट्या.

मागचं सीट काढलं तर दहा पेट्या गाडीतच बसतात.

हे गणित घरात कोणालाही दाखवू नये.

पायरी तिसरी: कायदा वाचा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. इंजिन नसताना स्वतःला वाहन म्हणवणारे आपल्या गावात पुष्कळ असतात, पण याची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. शिवाय कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफाराला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवलेली आहे. तेव्हा आधी आरटीओत विचारा, मग ड्रिल हातात घ्या. नवशिके नेमके उलट करतात.

पायरी चौथी: मेस्त्री गाठा

मिरजोळे एमआयडीसीत जा. पुठ्ठ्याचं माप कापून न्या. तुम्ही मिलिमीटरमध्ये बोलाल, मेस्त्री सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. ‘दहा मिलिमीटरची प्लेट’ म्हणालात तर तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघेल. ‘तीन सुती’ म्हणा, लगेच उठेल.

मग तो गाडीखाली डोकावेल. बराच वेळ काही बोलणार नाही. बाहेर येऊन हात पुसत म्हणेल, “काका, गाडीला हुक लावण्यापरीस हुकालाच नवी गाडी लावा.”

हसण्यावारी न्या, पण वाक्य लक्षात ठेवा.

वेल्डिंग गाडीखाली करू देऊ नका, पेट्रोलची टाकी तिथेच आहे. हुक बाहेर बनवून घ्यायचा आणि बोल्टने आवळायचा. गाडीचा पत्रा पाव सुताच्या आसपास. नुसत्या वायसरवर आवळलात तर पहिल्याच खड्ड्यात बोल्ट पत्रा फाडून खाली येईल. म्हणून आतल्या बाजूने तळहाताएवढी जाड प्लेट हवी. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं आहे ना, बघून घ्या. पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला रेड ऑक्साइड लावा, नाहीतर भोक आपोआप मोठं होत जातं.

पायरी पाचवी: गोळा निवडा

हुकाच्या टोकाला जो गोळा असतो, तो युरोपी मापाने ५० मिलिमीटरचा आणि अमेरिकी मापाने दोन इंचांचा, म्हणजे ५०.८. फरक पॉइंट आठचा. पाव सूतच की! पण दोन इंची टोपी पन्नासच्या गोळ्यावर बसते, कुरकुरत नाही, आणि एखाद्या गतिरोधकावर उडी मारून निघून जाते. टोपी आणि गोळा एका मापाचे घ्या. खालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे सुटलाच तर ट्रेलरचा दांडा रस्त्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडेल.

पायरी सहावी: प्रेक्षक सांभाळा

तुम्ही गाडीखाली असताना बाहेरच्या चपला मोजा. तीन जोड्यांपर्यंत काम चालू ठेवता येतं. चौथी आली की सल्ला सुरू होतो. आमच्या वाडीतले एक आबा अर्धा तास उभे राहिले, मग वाकून म्हणाले, “बैलगाडीला जू पुढं असतं रे. तुझं मागं कसं?” यावर उत्तर नाही. चहा सांगावा.

पायरी सातवी: रिव्हर्स

मागे ट्रेलर असताना रिव्हर्स घेणं हा स्वभावाचा प्रश्न आहे. त्याला उजवीकडे न्यायचं तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं. संसारी माणसाला हे लवकर जमतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार हुकावर यावा. कमी झाला तर ट्रेलर शेपटी हलवतो, जास्त झाला तर गाडीचा मागचा भाग बसतो आणि हेडलाइट माडाचे शेंडे उजळतात. सराव सड्यावर करा, आरे-वारेच्या वळणांवर नको.

माझी प्रगती विचाराल तर सहाव्या पायरीपर्यंत झाली. सड्यावर गेलो नाही, कारण ट्रेलर घेतलाच नाही. हुकाला धरायला घट्ट पत्रा हवा म्हणून दोन्ही दांडे नवे घातले. भार पेलायला मागच्या स्प्रिंगा बदलल्या. थांबायला हवं म्हणून ब्रेक शू. ट्रेलरच्या दिव्यांसाठी मागची सगळी वायरिंग. तोवर मे संपला, आंबे टेम्पोनेच गेले, आणि नोंदणीच्या खटपटीपुढे मला टेम्पोचं भाडं स्वस्त वाटू लागलं. हुक सोडवून ठेवला.

तो आता पडवीत असतो, छत्र्या अडकवायला. गाडी मात्र भाट्याच्या पुलावर अशी पळते की मेस्त्री परवा हात दाखवून थांबवून म्हणाला, “काय काका, नवीन घेतलीत?”