तीर्थस्वरूप दारूबंदी कायदा यांस

तीर्थस्वरूप दारूबंदी कायदा, 1949 यांच्या सेवेशी,



पत्रास कारण की, आपण अजून हयात आहात हे महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या गावीही नाही. मोरारजी देसाईंच्या काळात, जुन्या मुंबई राज्यात आपला जन्म झाला. बलसारा नावाच्या एका नागरिकाने आपल्याला कोर्टात खेचले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1951 साली आपली काही कलमे गळाली, पण जीव वाचला. पुढे 1960 मध्ये घरच्या वाटण्या झाल्या. गुजरातने आपला शब्द खरा धरला आणि दारू बंद ठेवली. आम्ही आपली तसबीर भिंतीवर टांगली, हार घातला आणि तिच्याखालीच काउंटर मांडला.

आपल्या म्हणण्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. म्हणून तर बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असे लिहिलेले असते. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, आजन्म हवा तर हजार रुपयांना. प्रस्तुत पत्रलेखकाने रीतसर अर्ज, फोटो आणि हजार रुपये देऊन आजन्म परवाना काढला. मोठ्या अभिमानाने तो वाइन शॉपच्या काउंटरवर ठेवला. दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला, परत सरकवला आणि विचारले, “थंड देऊ का साधी?” मागच्या रांगेतून आवाज आला, “काका, आधार कार्ड नंतर दाखवा, लवकर आटपा.”

वयाचे आपले गणितही थोर आहे. अठराव्या वर्षी मुलगा सरकार निवडू शकतो. एकविसाव्या वर्षी बोहल्यावर चढू शकतो आणि बिअरही पिऊ शकतो. व्हिस्कीसाठी मात्र त्याने पंचवीस पूर्ण करायला हवीत. राज्य आणि बायको सांभाळणे त्या मानाने सोपे, असा आपला अनुभव असावा.

आता थोडे पैशाचे. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे हा नळ राज्याच्या स्वतःच्या हातात आहे. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने तो आणखी मोकळा सोडला. स्वस्त गटातल्या विदेशी मद्यावरचे शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट झाले. वर्षाला 14,000 कोटी रुपये जादा मिळतील, असा अंदाज जाहीर झाला. ज्या वस्तूवर आपली बंदी आहे, तिच्या जिवावर एवढी रक्कम उभी करायची म्हणजे पिणाऱ्यांनी कंबर कसायलाच हवी. पुन्हा व्यसनमुक्तीचे पुरस्कारही हेच सरकार देणार. प्यावी तर तब्येतीचे नुकसान, सोडावी तर तिजोरीचे. सज्जन माणसाने करावे काय?

काही सज्जन गोव्याचा रस्ता धरतात. परतताना बांद्याजवळ इन्सुली नाक्यावर गाडीची डिकी उघडली जाते. काजूगराच्या पिशव्या वर काढल्या जातात आणि खालून बाटल्या निघतात. मग चेहरे असे होतात की जणू त्या बाटल्या गोव्याहून आपल्या पायांनी चालत आल्या. इथे दंडाला पात्र ठरते ते पिणे नव्हे. महसूल शेजारच्या सरकारला दिला, हे पाप मोठे.

लोकमताचे म्हणाल, तर तेही आपल्यासारखेच दुतोंडी. सोसायटीच्या सभेत इमारतीखालच्या बिअर शॉपीविरुद्ध एकमुखाने ठराव होतो आणि एकतीस डिसेंबरला तीच मंडळी गच्चीवर जमतात. स्वातंत्र्य आपल्याला, निर्बंध शेजाऱ्याला आणि कर तिसऱ्याला, हा आमचा त्रिसूत्री कार्यक्रम आहे. 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय झाला, तेव्हा ती दारू की शेतमाल यावर अख्खा महाराष्ट्र भांडला. वाइन मात्र सुपरमार्केटात पोचली नाही.

या सगळ्यात एकच मतदान मला खरे वाटते: दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिला करतात ते, आडव्या बाटलीचे. कारण पिणाऱ्याच्या स्वातंत्र्याचे बिल ज्या बाईच्या डब्यातल्या पैशांतून भागते, ती तिथे रांगेत उभी असते. पण तिथेही मेख आहे. आमदार व्हायला झालेल्या मतांत पुढे असले की भागते. दुकान बंद करायला मात्र यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. जी शेतावर गेली, जिला नवऱ्याने घराबाहेर पडू दिले नाही, तिचे न पडलेले मत दुकानदाराच्या खात्यात जमा. आणि सरसकट बंदीने प्रश्न सुटतो म्हणावे, तर चंद्रपुरात 2015 मध्ये केलेली बंदी सरकारलाच 2021 मध्ये उठवावी लागली. अवैध दारूचा सुळसुळाट झाला, असे कारण दिले गेले.

तेव्हा आजोबा, लहान तोंडी मोठा घास घेतो. जो कायदा सगळ्यांनाच मोडावा लागतो, त्याने दारू कमी होत नाही. कुणाला धरायचे आणि कुणाला सोडायचे, हे फक्त धरणाऱ्याच्या मर्जीवर जाते. आपण आता सन्मानाने निवृत्त व्हावे. जाता जाता सरकारला एवढे सांगा: परमिटचे सोंग संपवा. पिणाऱ्याकडून कर उघडपणे घ्या, त्यातला ठरावीक वाटा व्यसनमुक्ती केंद्रांना द्या आणि तो किती दिला हे दरवर्षी छापा. आडव्या बाटलीचा निकाल झालेल्या मतांवर लावा. कर आम्ही भरतोच आहोत आणि पुढेही भरू. तो गुन्हेगार म्हणून भरायला लावू नका, एवढीच विनंती.

आपला आज्ञाधारक,
एक आजन्म परवानाधारक