50 अंशांचे भाऊसाहेब

धरमपेठेत कोणाकडेही चहाला गेलं की आधी पाणी विचारतात. भाऊसाहेबांकडे आधी थर्मामीटर निघतो.

बँकेतून निवृत्त होईपर्यंत हा माणूस टपरीवर उभा राहून अद्रकचा चहा बशीत ओतून भुरकत असे. मग लेक नोकरीसाठी तोक्योला गेली, दिवाळीत तिनं जपानी चहाचे चार पुडे पाठवले, आणि आपल्या चहाला भाऊसाहेब ‘काढा’ म्हणू लागले.

तसा नागपूरला जपान परका नाही. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध विहार नोरिको ओगावा यांच्या देणगीतून 1999 मध्ये उभं राहिलं. दीक्षाभूमीचे भदन्त सुरई ससाई मूळचे जपानी. भाऊसाहेबांचा जपान मात्र बाजूला दांडी असलेल्या एका चिमुकल्या किटलीत मावतो. तिला क्यूसू म्हणायचं. किटली म्हटलंत तर चहा उशिरा येतो.

रविवारी आम्हा चौघांना चाखायला बसवतात. समोर वही, रंग, वास, चव असे खतावणीसारखे रकाने. आधी सेंचा. ‘‘खुडल्याबरोबर पानं वाफवतात, म्हणून हिरवी राहतात. चिनी लोक कढईत परततात!’’ हे ‘परततात’ त्यांनी असं उच्चारलं, की जणू चिन्यांनी कर्ज बुडवलं होतं. मला मेथी उकडलेलं पाणी आठवलं. ते मी सेंचाबरोबर गिळलं. मग गेनमाइचा, भाजलेला तांदूळ घातलेला. ‘‘हा तर पातळ चिवडा लागून राहिला, भाऊसाहेब,’’ एक जण म्हणाला. वहीत त्याचं नाव खोडलं गेलं. होजिचा म्हणजे भाजलेली, तपकिरी पानं. उकळतं पाणी ओता, तक्रार नाही. तो आम्हा सगळ्यांना आवडला. त्याच क्षणी तो भाऊसाहेबांच्या मनातून उतरला.

शेवटी ग्योकुरो. आवाज खाली आला. खुडण्याआधी सुमारे 20 दिवस ही झाडं झाकून ठेवतात, ऊन न मिळाल्यानं पानातलं थिॲनिन टिकतं, तुरटपणा कमी होतो आणि उमामी ही चव येते. तीच, जिला किकुनाए इकेदांनी 1908 मध्ये नाव दिलं.

‘‘मे महिन्यात आपणही तुळशीवर हिरवी जाळी टाकतो,’’ वहिनी आतून म्हणाल्या. ‘‘तिचं एवढं कौतुक नाही केलं कधी.’’

ग्योकुरोला पाणी 50 ते 60 अंश. त्यासाठी भाऊसाहेब गॅस पेटवत नाहीत. नागपूरचा उन्हाळा त्यांच्या मते देवानं याच चहासाठी नेमला आहे: पाण्याचा तांब्या दुपारी गच्चीवर ठेवायचा आणि वाट पाहायची. दोन मिनिटं मुरवून प्रत्येकाच्या वाट्याला दोन चमचे आले. आम्ही डोळे मिटले. मला सूप गार झाल्यासारखं वाटलं. पण घोट संपल्यावरही जिभेवर काहीतरी गोडसर रेंगाळत राहिलं, हे खोटं कशाला बोलू?

उरलेली पानं फेकायची नाहीत, जपानात ती सोयासॉस घालून खातात, हेही भाऊसाहेबांनीच सांगितलं. वहिनींनी ती उचलली, बारीक कांदा, लिंबू आणि तिखट घालून कालवली, वर कच्चं तेल सोडलं. बशी मिनिटात रिकामी झाली. पहिला हात भाऊसाहेबांचाच होता. त्याचा रकाना मात्र वहीत नाही.

जायचं असेल तर मे महिन्यात दुपारी तीननंतर जा. त्याआधी तांब्या तापलेला नसतो.