जिंजीला दुसरा वेढा

पुण्याचा भाचा डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा ही 53 किलोमीटरची शर्यत पळतो आणि जानेवारीत आमच्याकडे येऊन माझ्या पोटाकडे बघतो. यंदा इडली मोडता मोडता म्हणाला, "मामा, तुमच्या चेन्नईत सगळं आहे, फक्त चढ नाही."

वेस्ट मांबलममध्ये पन्नाशी ओलांडलेला प्रत्येक पुरुष सगळ्यांचाच मामा असतो. त्यामुळे हा अपमान मी वस्तीच्या वतीनं स्वीकारला. तसं त्याचं खोटं नव्हतं. आमच्या लेक व्ह्यू रोडवरून तळं दिसत नाही, ते कधीच बुजलं. आणि डोंगर तर नव्हताच. आमचा घाट म्हणजे मांबलम स्टेशनावरून टी. नगरच्या बसस्टँडकडे जाणारा स्कायवॉक.

"लोकलनं तिसरं स्टेशन, सेंट थॉमस माउंट," मी म्हणालो. "300 फूट!"

भाचा हसला. मग मी लॅम्बटन काढला. 1802 मध्ये या साहेबानं ह्याच टेकडीजवळ हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली आणि मोजत मोजत 1823 साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. चेन्नई ते हिंगणघाट, 21 वर्षं. या गावाची चाल ती अशी. भाचा घड्याळात नाडीचे ठोके बघत होता. शेवटी माझ्या तोंडून नको तो शब्द गेला: जिंजी.

तीन डोंगर, त्यांना गुंफणारी सुमारे 13 किलोमीटरची तटबंदी. 1677 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेली आणि पुढे राजाराम महाराजांची राजधानी झालेली. भाचा म्हणाला, "म्हणजे लूप आहे!" बायको म्हणाली, "म्हणजे आयोडेक्स आणते."

जिंजीवरून जाणारी तिरुवण्णामलैची बस आता किलांबाक्कमहून सुटते, आणि किलांबाक्कम गाठणं हीच एक शर्यत आहे. पहाटेच्या लोकलनं वंडलूर, पुढे एक बस, मग दुसरी. कंडक्टरला मी अभिमानानं "जिंजी" म्हणालो. त्याला कळेना. मी राजाराम सांगितले, त्यांना वेढणारा औरंगजेबाचा सरदार झुल्फिकारखान सांगितला. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "सेंजी!" तीनशे वर्षांचा इतिहास एका अक्षरात मिटला आणि दोन तिकिटं फाटली.

डोंगर दिसले तेव्हा मात्र माझा आवाज बसला. हे आपल्या सह्याद्रीसारखे नाहीत. कुणीतरी ट्रकभर धोंडे ओतून पळून जावं तसे, हत्तीएवढे गोल दगड एकावर एक. आणि त्यांच्या फटीफटीतून तट वर चढत गेलेला. भाचा प्रथमच गप्प झाला. तटाच्या कडेकडेनं जायचा त्याचा बेत पहिल्या काटेरी झुडपातच संपला. तिसऱ्या डोंगरावर तर वाटच दिसेना. तेव्हा लूप आखडता घेतला: राजगिरी चढून उतरायची, रस्ता ओलांडायचा, कृष्णगिरी चढून उतरायची.

राजगिरीच्या पायऱ्यांवर मी पहिली पाच मिनिटं खरोखर पळालो. समोरून एक आजोबा अनवाणी उतरत होते. थांबून त्यांनी काळजीनं विचारलं, "येन ओडुरींग, सार?" का पळताय? एवढा नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर ना तमिळमध्ये होतं ना मराठीत. मी चालू लागलो.

वाटेत माकडांनी नाकाबंदी केली. भाच्याच्या पाठीवरच्या पिशवीत ताकद देणारी कसलीशी जेलची पाकिटं होती. एका माकडानं चेन उघडून एक पाकीट काढलं, दातानं फोडलं, चाखलं आणि परत टाकलं. त्या वस्तूविषयी माझंही तेच मत आहे.

माथ्याजवळ एक खोल घळ लागते, तिच्यावर पूल. तो काढून घेतला की किल्ला बंद. तिथे बसून, म्हणजे पाय चालेनात म्हणून बसून, मी भाच्याला वेढा सांगितला. औरंगजेबाच्या फौजा 1690 पासून खाली बसल्या होत्या. किल्ला पडला 1698 मध्ये, आणि तोवर राजाराम महाराज निसटून महाराष्ट्राकडे गेले होते. "आठ वर्षं!" मी म्हणालो. "आणि तू मला दर किलोमीटरला वेळ विचारतोस?"

कृष्णगिरी भाचा एकटाच पळून आला. मी पायथ्याशी तिखटमीठ लावलेली काकडी खात त्याला पाठिंबा दिला. माझ्या खात्यावर एक डोंगर, साडेतीन तास आणि चार काकड्या जमा झाल्या.

2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. तेव्हा जरूर जा. मात्र कंडक्टरला सेंजी म्हणा.