अभ्यासाचे अभ्यासक

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत शिरा. पंख्याखालची, खिडकीलगतची आणि चार्जिंग पॉइंटजवळची अशी जी एकच जागा असते, तिथे दादा बसलेले असतात. दादा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे, दर अभ्यासिकेला एक असतोच. वय पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे, गाव मराठवाड्यातलं नाहीतर सोलापूरकडचं, पदवी बी.एस्सी. अ‍ॅग्री किंवा इंजिनिअरिंगची. राज्यसेवेच्या चार पूर्व निघालेल्या, एक मुख्य थोडक्यात गेलेली. किती थोडक्यात, हा आकडा दर वर्षी कमी होत जातो. यंदा तो दीड मार्कावर आलाय.

गावाकडून नवा मुलगा आला की पुस्तकांची यादी मागायला त्याला दादांकडे पाठवतात. दादा यादी देत नाहीत. आधी विचारतात, "अभ्यास कसा करतोस?"

"वाचतो की."

"वाचतो!" दादा शेजारच्याकडे बघून हसतात. मग खुर्ची ओढतात, आणि त्या पोराची दुपार जाते.

दादांचा खरा विषय अभ्यास कसा करावा हा आहे. इतिहास-भूगोल त्यानंतर, वेळ उरला तर. त्यांचं वेळापत्रक आलेख कागदावर, चार रंगांत असतं. ५.३० ला उठणे, ५.३० ते ५.४० मनाची तयारी, ७.४० ते ७.५५ पोहे, रविवारी बॅकलॉग. वेळापत्रक तयार करायला मात्र वेळापत्रकात जागा नसते. त्यामुळे ते लागू होतं तेव्हाच दादा दोन दिवस मागे असतात आणि सुधारित वेळापत्रक करायला बसतात. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं लोकसेवा आयोगानं ठरवलं, तेव्हा अलका चौकात पोरं रस्त्यावर बसली आणि २०२३ चा बदल २०२५ वर गेला. अख्ख्या पेठेला धास्ती लागली होती, दादा तेवढे उजळले होते. जुनं वेळापत्रक रद्द करायला इतकं सरकारी कारण त्यांना पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून पोमोदोरो नावाची पद्धत निघाली, हेही आम्हाला दादांनीच सांगितलं. फ्रांचेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती काढली. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. पंचवीसचा भाग दादांना जमतो. पण इटलीत कॉफी उभ्याउभ्या एका घोटात संपते, आणि आपल्याकडे टपरीवर कटिंग येईपर्यंतच कट ऑफ, आन्सर की, आयोगाचा कारभार आणि कुणाचं लग्न ठरलं एवढं सगळं उरकावं लागतं. पाच मिनिटांत ते कसं व्हायचं?

चेष्टा सोडा, माणसाचं वाचन दांडगं आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरांच्या लांबलचक याद्या स्वतःच पाठ केल्या, आपण किती वेळात किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं, मग मंदावतं. अधूनमधून, अंतर ठेवून उजळणी केली तर ते रोखता येतं. हे सगळं दादा आलेख काढून समजावतात. आपण हे आधी सांगितलंय हे विसरून आठवड्यानं परत समजावतात, पंधरवड्यानं परत, महिन्यानं परत. परिणामी आमच्या अभ्यासिकेत एबिंगहाउस न येणारा एकही माणूस उरलेला नाही. डबे पोचवणाऱ्या मेसवाल्या काकांनाही तो येतो.

रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोगही दादांना तपशिलासकट ठाऊक आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मिटला आणि आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्यानं घेतली तर लिहिणारे पुढे. दुर्दैवानं आयोग पाच मिनिटांनी परीक्षा घेत नाही, नाहीतर दादा केव्हाच उपजिल्हाधिकारी झाले असते.

२०१३ मध्ये डनलोस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि उजळणी अंतराअंतरानं करणं या दोन वर आल्या. अधोरेखन आणि पुनर्वाचन यांचा उपयोग कमी ठरला. हा लेख दादांकडे प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून ठेवलेला आहे. त्यातल्या महत्त्वाच्या ओळी त्यांनी पिवळ्या हायलायटरनं रंगवल्या आहेत.

राज्यव्यवस्थेच्या पुस्तकात, म्हणजे त्यांच्या लक्ष्मीकांतमध्ये, तर बारमाही रंगपंचमी असते. पिवळं म्हणजे महत्त्वाचं, गुलाबी म्हणजे अतिमहत्त्वाचं, हिरवं म्हणजे येऊन गेलेलं. एकदा धाराशिवकडच्या एका मुलीनं सहज विचारलं, "दादा, अकराव्या अनुसूचीत विषय किती हो?"

दादांनी डोळे मिटले. "डाव्या हाताचं पान. खाली चौकट. गुलाबी केलंय मी ते. शेजारी चहाचा डाग आहे."

"हो, पण किती?"

"डाग अगदी आकड्यावरच आहे बघ."

पान, रंग, चौकट, डाग, सगळं ओळखीचं, फक्त आकडा नाही. ओळखीचं वाटणं आणि येणं यांच्यातली ही फट पुस्तक उघडं असेपर्यंत दिसतच नाही. ते मिटून कोऱ्या कागदावर लिहायला बसलं की कागद तोंडावर अपमान करतो. हायलायटर बिचारा कधी उलटून बोलत नाही. दादांचं त्याच्यावर प्रेम आहे ते त्यामुळेच, असं माझं मत आहे. गावच्या शाळेतले जुने गुरुजी पावकी-निमकी घोकून घेत, पण तेवढ्यावर सोडत नसत. वाटेत अडवून "सात पाऊणे?" असा सवाल टाकत आणि "सव्वापाच" आल्याशिवाय जाऊ देत नसत. त्यांनी रोडिगर वाचलेला नव्हता.

बुटांच्या खोक्याचीही एक कथा आहे. लाइटनर नावाच्या जर्मन लेखकानं कार्डांची युक्ती सांगितली. प्रश्न पुढे, उत्तर मागे. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पुढचे कप्पे उशिरा उघडायचे. दादांनी बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले, सुवाच्य अक्षरात शेकडो कार्डं लिहिली, कडांना सेलोटेप लावला. अजूनही सगळी कार्डं पहिल्या कप्प्यातच आहेत. चुकल्यामुळे नाही, कुणी विचारलंच नाही म्हणून.

ती धाराशिवची मुलगी उलट्या खोपडीची. प्रकरण वाचायच्या आधीच जुने पेपर सोडवायची. चुकायची, चुकलेलं एका दोनशे पानी वहीत उतरवायची आणि दर काही दिवसांनी ती वही ओढणीनं उत्तरं झाकून सोडवायची. "आधी वाचन पूर्ण होऊ दे गं," दादा कळवळून सांगत. "सिलॅबस न संपवता पेपरला हात लावला की कॉन्फिडन्स जातो." तिचा रोजच जायचा. ती राज्य कर निरीक्षक झाली. पेढे द्यायला आली तेव्हा दादांनी तिला वेळापत्रक विचारून घेतलं, आणि तिला ते नीट सांगता येईना म्हणून स्वतःच आलेख कागदावर काढून दिलं.

पुढे दादांची अडतीस वर्षं पूर्ण झाली. खुल्या प्रवर्गाची दारं बंद झाली. गावी परत कोण जाणार? एका क्लासनं त्यांना राज्यव्यवस्था शिकवायला घेतलं. समोर साठ-सत्तर पोरं, आणि त्यातली निम्मी तासाला उलटतपासणी घेणारी. पहिले दोन महिने दादांनी घाम पुसत "हे उद्या बघू" म्हणून काढले. हायलायटर फळ्यावर चालत नाही. रोज पुस्तक मिटून बोलायचं, रोज कुणीतरी अडवायचं, अडलेलं दुसऱ्या दिवशी परत सांगायचं.

परवा त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसलो होतो. कुणीतरी अनुसूच्यांचं विचारलं. दादांनी मागे वळूनही न बघता फळा पुसता पुसता सांगितलं, "अकरावीत एकोणतीस, बारावीत अठरा. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती चोवीस एप्रिल त्र्याण्णवला लागू. पुढचा?"

पुढच्या पोरानं विचारलं, "सर, तुमची पोस्ट कुठली?"

"मी मार्गदर्शनात आहे," दादा म्हणाले, आणि नव्या बॅचचं वेळापत्रक वाटायला घेतलं. चार रंगांत होतं.