आजचं तोंड

रात्री नऊला फोन विचारतो, ‘आज कसं वाटतंय?’ खाली पाच गोल चेहरे, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत. माझी पंचाईत अशी, की या प्रश्नाला मी जन्मभर ‘बरंय’ म्हणत आलो. ताप असला तरी बरंय, बढती मिळाली तरी बरंय. त्या पाचांत ‘बरंय’चा चेहराच नाही. पहिला महिनाभर मी मधलाच दाबत होतो. आई स्वयंपाकघरातून विचारायची, “आज कुठलं तोंड दिलंस त्याला?”

नैराश्यातून वर येताना ही नोंद ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. शिवाय दर पंधरा दिवसांनी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली. २००१ सालची, नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. २७ पैकी जितके कमी, तितकं चांगलं. कमी गुणांचं कौतुक आमच्या घराण्यात पहिल्यांदाच झालं. पाचव्या प्रश्नाला मात्र मी अडतो. भूक मंदावली आहे की खाणं वाढलंय? आमच्याकडे हे आई ठरवते.

मनगटावरच्या पट्ट्याची वेगळीच तऱ्हा. छताकडे बघत काढलेल्या एका रात्रीला त्याने सात तास झोप बहाल केली. हालचाल आणि नाडी यांवरून तो अंदाज बांधतो. निपचित पडणं आणि झोपणं त्याला सारखंच.

नवव्या प्रश्नाची मात्र मी थट्टा करत नाही. जगणं नकोसं वाटतं का, असं तो विचारतो. ज्या दिवशी उत्तर शून्य नसेल, त्या दिवशी चेहरे दाबत बसू नये, माणूस गाठावा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट.

एवढं असून मी नोंदी करतो, कारण हा आजार पक्का खोटारडा. तो कानाशी म्हणतो, तू कायम असाच होतास. मार्चमध्ये मी त्याचं खरं धरून बसलो होतो. डॉक्टरांनी माझाच फोन माझ्यापुढे धरला. फेब्रुवारीत सहा हसरे चेहरे, आणि प्रत्येकाखाली माझीच टीप : ‘खाली जाऊन दूध आणलं.’ मला त्यातला एकही दिवस आठवत नव्हता.

घरी येऊन आईला दाखवलं. डाळ निवडता निवडता ती म्हणाली, “त्या दिवसांत दूधवाल्याला मीच नको म्हणायचे.”

आता दूधवाला बंदच केलाय. रोज अर्धा लिटर मी आणतो.