बेट पाहिजे

मराठी माणूस जगात कुठेही गेला तरी तिथे दुसरा मराठी माणूस आधीच पोहोचलेला असतो, आणि तो तिखटमिठाच्या पुऱ्या खात असतो. इंटरलाकेनला आम्ही बर्फाकडे बघत उभे होतो, तर मागून आवाज आला, "अय्या, तुम्ही डोंबिवलीचे ना?" अंदमानात स्वराजद्वीपवर सूर्यास्त बघायला गेलो, तर सूर्य आणि आमच्यामध्ये एका टूर कंपनीच्या टोप्यांची रांग. सूर्य मावळला की नाही हे आम्हाला त्यांच्या टूर लीडरनेच शिट्टी वाजवून कळवलं. त्यामुळे यंदा बायकोने जाहीर केलं, "जिथे ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटणार नाही, अशा ठिकाणी जायचं."

ते ठिकाण म्हणजे बेटच, हे माझ्या मेव्हण्याने ठरवलं. मेव्हणा तिकिटाचे पैसे सोडून बाकी सगळं ठरवतो. त्याचं म्हणणं, जिथे रस्ता जातो तिथे बस जाते, आणि जिथे बस जाते तिथे अंताक्षरी जाते. बेटाला चहूबाजूंनी पाणी, तेव्हा बेटच बरं.

रात्री जेवणं आटोपल्यावर टेबल पुसून सगळ्यांच्या अपेक्षा कागदावर उतरवल्या. बायकोला गर्दी नको होती, पण आल्याचा चहा हवा होता. मेव्हण्याला मोबाइलची रेंज नको होती, पण वायफाय हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, "कुठेही न्या, पण चढ नको, आणि एखादं देऊळ असलं तर बरं." मुलीला असे फोटो हवे होते की ते बघून मैत्रिणींनी "हे कुठे आहे गं?" असं विचारलं पाहिजे. माझी अपेक्षा कोणी विचारली नाही. खर्च मी करणार असल्यामुळे ती सर्वांनी गृहीत धरली होती.

पहिलं स्थळ अंदमानातलंच आलं, नॉर्थ सेंटिनल. गर्दी नाही, टोप्या नाहीत. पण तिथल्या रहिवाशांनाही पाहुणे नकोत. बेटाच्या पाच सागरी मैलांच्या आत जायला कायद्याने बंदी आहे, आणि ती मोडणाऱ्याच्या स्वागताला बाण येतात. "तत्त्वाची माणसं आहेत," असं म्हणून बायकोने आदराने ते नाव खोडलं.

मग लक्षद्वीप. छत्तीस बेटं, त्यातल्या दहांवरच वस्ती, शिवाय जायला परवाना लागतो. सगळं जुळत होतं. पण २०२४च्या जानेवारीत पंतप्रधानांचे तिथले फोटो आले आणि अख्खा देश लक्षद्वीप शोधू लागला. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका तर जाऊनच आले. आता पाण्याची टाकी धुण्याचा विषय निघाला तरी ते "आम्ही अगत्तीला होतो तेव्हा" अशी सुरुवात करतात. बाद.

मेव्हण्याने बूव्हे बेट सुचवलं. दक्षिण अटलांटिकमधलं, नॉर्वेच्या मालकीचं, जवळजवळ सगळं बर्फाखाली, वस्ती शून्य. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "मग चहा कोण टाकणार?" स्कॉटलंडचं सेंट किल्डा सुंदर निघालं, पण तिथल्या उरल्यासुरल्या छत्तीस रहिवाशांनी स्वतःच सरकारकडे अर्ज केला आणि १९३० साली ते बेट सोडून गेले. राहणारे जिथून अर्ज करून सुटले, तिथे आपण पैसे भरून का जायचं? पॅसिफिकमधल्या पिटकेर्नवर १७९०मध्ये 'बाउंटी' जहाजावरचे बंडखोर जाऊन लपले होते. त्यांचे वंशज आजही तिथे राहतात. मेव्हण्याचे डोळे चमकले. त्याला आणखी स्फूर्तीची गरज नाही, म्हणून तेही नाव कापलं.

शेवटी मुलीचा शाळेचा ॲटलास काढला. डाव्या पानावर दक्षिण अमेरिका, उजव्या पानावर आफ्रिका, आणि मधला सगळा महासागर शिलाईत गेलेला. दोन्ही पानं तळहाताने दाबून पुस्तक पार उताणं केलं, तेव्हा पिनेच्या गंजाच्या डागांशेजारी एक ठिपका दिसला. डाग कोणते आणि बेट कोणतं, हे भिंग आणून ठरवावं लागलं. नाव होतं त्रिस्तान दा कुन्हा.

"हे नाव वसईच्या बसस्टॉपवर ऐकल्यासारखं वाटतं," बायको म्हणाली. ती अगदीच चूक नव्हती. त्रिस्तान दा कुन्हा हा पोर्तुगीज दर्यावर्दी. त्याला हिंदुस्थानातला पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय करायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी त्याची दृष्टी गेली आणि ती नेमणूक दुसऱ्याला मिळाली. पुढे दिसायला लागल्यावर तो हिंदुस्थानाकडे निघाला आणि १५०६ साली वाटेत त्याला नेमकं हे बेट दिसलं, जे धडधाकट डोळ्यांच्या माणसालाही सापडायची मारामार. समुद्र खवळलेला असल्याने त्याला उतरता आलं नाही, म्हणून जहाजातूनच स्वतःचं नाव देऊन तो पुढे गेला. लांबूनच बघून "झालं बघून" म्हणणाऱ्या तमाम पर्यटकांचा हा मूळपुरुष.

त्याचा मुलगा नूनो दा कुन्हा पुढे इकडे गव्हर्नर झाला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून त्याने तहात वसई मिळवली, आणि वसईबरोबर मुंबईची सात बेटंही. (वसई म्हटल्यावर सासूबाई थेट चिमाजी अप्पांवर गेल्या. त्यांना दोनशे वर्षं मागे आणावं लागलं.) म्हणजे बापाने जगातल्या सगळ्यात एकाकी वस्तीचं बेट शोधलं, आणि मुलाने ती सात बेटं घेतली जिथे आज पाय ठेवायला जागा नाही. एकाच घरातली ही आवडनिवड बघून मला आमच्या घराबद्दल जरा धीर आला.

बेट पसंत पडलं. आता जायचं कसं ते बघायचं होतं. विमानतळ नाही. केपटाऊनपासून सुमारे २८०० किलोमीटर, तेही बोटीने, समुद्राची मर्जी असली तर सहा-सात दिवसांत. बोटी वर्षातून मोजक्याच, आणि त्यांच्यावर जागा देताना बेटवासी, आजारी माणसं, सरकारी कामवाले हे आधी. पर्यटक सगळ्यात शेवटी. लाटा मोठ्या असल्या तर बेट डोळ्यांसमोर दिसत असतानाही उतरता येत नाही. बोट थांबून राहते, कधी तशीच परतते. खुद्द दा कुन्हाचं जिथे चाललं नाही, तिथे आमची काय कथा?

तेवढ्यावर भागत नाही. आधी बेटाच्या परिषदेकडे अर्ज करायचा. कोण, कशाला येताय, परतीचं तिकीट आहे का, आजारी पडलात तर केपटाऊनला हलवण्याइतका विमा आहे का, हे सगळं सांगायचं. मग परिषद होकार-नकार कळवणार. इतके दिवस आम्ही टेबलाभोवती बसून बेटं नापसंत करत होतो. आता एका बेटाने आम्हालाच पत्रिका मागितली होती. "कशाला येताय?" या रकान्यात मेव्हण्याने "विश्रांती" लिहिलं. बायकोने विचारलं, "कशापासून?"

मग मी त्या बेटाची सगळी हकिगत मोठ्याने वाचून दाखवली. नेपोलियनला सेंट हेलेनावर ठेवलं तेव्हा त्याला कोणी इकडून सोडवू नये म्हणून इंग्रजांनी १८१६मध्ये त्रिस्तानवर फौज ठेवली. फौज वर्षभरात परत गेली, विल्यम ग्लास नावाचा एक कॉर्पोरल बायकामुलांसह मागे राहिला आणि वस्ती सुरू झाली. पुढे सडे पुरुष फार झाले. त्यांनी एका कप्तानाला गळ घातली आणि १८२७मध्ये त्याने सेंट हेलेनाहून पाच उपवर स्त्रिया आणून उतरवल्या. पत्रिका नाही, कांदेपोहे नाहीत. सासूबाईंनी सड्या मेव्हण्याकडे बघून सुस्कारा सोडला.

आज तिथे अडीचशेच्या आत माणसं, आणि आडनावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गाव एकच, त्याचं नाव सात समुद्रांचं एडिंबरा. या नावामुळे लोकांनी मागवलेल्या वस्तू स्कॉटलंडच्या एडिंबराला जायच्या, म्हणून २००५मध्ये बेटाला स्वतंत्र पोस्टकोड द्यावा लागला. एक दुकान, एक बार, आणि गावापासून बटाट्याच्या मळ्यांपर्यंत जाणारा रस्ता. समुद्र शांत असला की घंटा बडवतात आणि सगळे मासेमारीला निघतात. वर्षातून एक दिवस उंदीर मारायचा असतो, आणि सगळ्यात लांब शेपटी आणणाऱ्यांना बक्षीस मिळतं. पाहुण्याने राहायचं ते बहुधा कोणाच्या तरी घरी. जमीन सगळ्यांची सामाईक, बाहेरच्याला विकत मिळत नाही.

वाचून झालं. गिरगावात वाढलेली माझी बायको थंडपणे म्हणाली, "अहो, ही तर समुद्रातली चाळ आहे."

आणि खरंच होतं ते. सामाईक गॅलरी, सामाईक घंटा, उंदरांचा सामाईक बंदोबस्त. अशा ठिकाणी सकाळी उतरलेल्या पाहुण्याची माहिती दुपारपर्यंत गावभर झालेली असणार. डोंबिवलीचे आलेत, आजींचे गुडघे दुखतात, आणि तो धाकटा नक्की काय करतो ते कळत नाही. ओळखीचं कुत्रं भेटू नये म्हणून अर्धी पृथ्वी ओलांडायची, आणि तिसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक कुत्र्याने आपल्याला ओळखायचं!

मेव्हण्याने शेवटची गोष्ट वाचली. १९६१मध्ये ज्वालामुखी जागा झाला आणि सगळ्या बेटवासीयांना इंग्लंडला हलवावं लागलं. घरं मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, टीव्ही मिळाला. पण ज्वालामुखी निवल्यावर परत जायचं का यावर मतदान झालं, तेव्हा १४८ जण 'जायचं' म्हणाले आणि पाच जण 'नको'. १९६३पर्यंत बहुतेक सगळे परतले. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या रंगावरसुद्धा असं बहुमत कधी झालेलं नाही. परक्या देशात त्या लोकांना आपलेपणा वाटेना, म्हणून ते समुद्रातल्या त्या खडकावर परत गेले. त्यांना एकांत नको होता, माणसं हवी होती.

सासूबाईंनी पानदान मिटलं. "मग ठरवा की तिकडचंच. मला चालेल. इथे फ्लॅटमध्ये दिवसभर कोण बोलतं माझ्याशी?" त्यावर कोणालाच काही बोलता आलं नाही. चढाची अट मात्र त्यांनी मागे घेतली नाही, आणि बेटाच्या मधोमध २०६२ मीटरचा पर्वत आहे. अर्ज सध्या भरून तयार आहे. 'कशाला येताय?' हा रकाना बायकोने खोडून नव्याने लिहिला आहे: 'गप्पा मारायला'.

तुम्हीही आडवाटेचं बेट शोधत असाल तर आधी आपल्याला नक्की काय हवंय ते घरात एकदा विचारून घ्या. माणसं हवी असतील तर त्रिस्तानला जरूर जा; अर्ज, विमा, परतीचं तिकीट आणि भरपूर सुट्टी एवढं जमवा. नुसता एकांत हवा असेल, तर एवढा खर्च करू नका. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर उभे राहा. कोणीही तुमच्याकडे बघणार नाही.